सलग पंचेचाळीस मिनिटं

“दहा मिनिटं चालून काहीही होत नाही,” वडनेरे सर म्हणाले आणि प्लास्टिकच्या खुर्चीत आणखी मागे रेलले. “हृदयाला कळतसुद्धा नाही, की आपला मालक चालून आला म्हणून.”

सभागृहात हशा पिकला. मी हसले नाही. ज्या हृदयाबद्दल हे चाललं होतं ते माझ्याच शेजारी, निळ्या स्वेटरच्या आत, नवाकोरा स्टेंट घालून बसलं होतं. आमचे हे मान खाली घालून चपलेच्या अंगठ्याशी खेळत होते.

“विज्ञान काय म्हणतं?” सरांनी बोट वर केलं. “पहिली वीस मिनिटं शरीर नुसतं जागं होतं. पुढची दहा मिनिटं विचार करतं. खरा व्यायाम सुरू होतो त्यानंतर. तेव्हा सलग पंचेचाळीस मिनिटं, नाहीतर शून्य. मधलं काही नाही.”

बारा वर्षं झाली या गोष्टीला. नाशिकला पाथर्डी फाट्याच्या पुढे आमची सप्तरंग सोसायटी, आणि तिच्यात हे चालण्याचं यंत्र, ट्रेडमिल, आलं होतं ते एका होऊ घातलेल्या नगरसेवकाच्या कृपेनं. निवडणुकीच्या आधी त्यांनी ते भेट दिलं. त्याच्यावर कंपनीचं नाव शोधावं लागायचं, त्यांचं मात्र गेटमधून वाचता यायचं. ते पडले, यंत्र राहिलं. दसऱ्याला त्याची यथासांग पूजा झाली. हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडून खोबरं वाटलं. चाललं मात्र कोणी नाही. दांड्यांवरचं प्लास्टिक तसंच होतं, कारण नव्या वस्तूवरचं प्लास्टिक लगेच काढणं आमच्यात उधळेपणाचं लक्षण समजतात. आदल्या वर्षी पोरांनी कॅरमच्या सोंगट्या हरवल्या, तेव्हापासून सभागृहाला कुलूप असायचं आणि किल्ली सेक्रेटरी शेवाळेंच्या खिशात. सभा असेल तेव्हाच कुलूप काढायचं, असा रीतसर ठरावच होता.

आमचे हे म्हणजे मधुकर खैरनार. एसटीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते. बंद पडलेली गाडी यांनी नुसता कान लावला तरी काय दुखतंय ते सांगायची, असा यांचा लौकिक. गणपती उठले त्याच आठवड्यात एका सकाळी दूध आणायला गेले आणि कोपऱ्यावरच्या दुधाच्या टपरीपाशी छाती धरून खाली बसले. लोकांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, वेळेवर नेलं, म्हणून मी आज ही गोष्ट या सुरात सांगू शकते.

घरी आणलं तो माणूस मात्र दुसराच होता. न्हाणीघराची कडी लावायची हिंमत होईना. झोपताना दिवा मालवू देईना. दिवसभर खुर्चीत बसून दोन बोटांनी स्वतःची नाडी बघायची. “चला, गेटपर्यंत जाऊन येऊ,” म्हटलं की उत्तर ठरलेलं, “उद्या बघू.” गेटच्या पुढे कोपरा होता, कोपऱ्यावर ती टपरी होती. मला कळत होतं. पण कळून काय उपयोग?

दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम वयानं आमच्या मुलीएवढ्या. त्यांनी यांना सरळ सांगितलं, “काका, हृदय कामावर रुजू झालंय, तुम्हीच संपावर आहात. सपाट जागी सावकाश चालायचं. सुरुवातीला दहा मिनिटं पुरे. चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत, इतपतच. मग हळूहळू वाढवू. संक्रांत झाली की पट्ट्यावर चालवून तपासणी करू. तेव्हाही असेच दमलात, तर पुन्हा सगळं बघावं लागेल. कदाचित बायपासही.”

एवढ्या लांब बोलण्यातला शेवटचा शब्द तेवढा यांनी घरी आणला. रात्री जेवताना घास हातात धरून म्हणाले, “निर्मला, मला कापणार गं.”

“चालला नाहीत तर.”

“रस्त्यावर नको. धरायला दांडी असेल, तर बघतो.”

सबंध नाशकात धरायला दांडी असलेली चालायची जागा मला एकच माहीत होती. ती आमच्या बाल्कनीतून दिसायची, कुलपाच्या आत, वाळलेल्या झेंडूच्या हारासकट.

मी दुसऱ्याच दिवशी वडनेरे सरांकडे गेले. वडनेरे सर म्हणजे आमचे अध्यक्ष. कॉलेजात वाणिज्य शिकवून निवृत्त झाले होते आणि निवृत्तीनंतर वैद्यकशास्त्राकडे वळले होते, म्हणजे मोबाइलवर. रोज सकाळी निळा ट्रॅकसूट घालून, गळ्यात नॅपकिन अडकवून गेटपाशी उभे राहायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला व्यायाम समजावून सांगायचे. स्वतः कोपऱ्यावर दूध आणायला स्कूटरवर जायचे आणि पहिल्या मजल्यावर लिफ्टनं. विचारलं तर म्हणायचे, “सलग पंचेचाळीस मिनिटं मिळत नाहीत हो. आणि त्याहून कमी चालणं ही शरीराची दिशाभूल आहे.” लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते असं, हे मी तेव्हा मनाशी नक्की करून टाकलं होतं.

“रोज सकाळी दहा मिनिटं?” सरांनी चष्मा पुसला. “वहिनी, प्रश्न खैरनारांचा नाही, तत्त्वाचा आहे. आज तुम्हाला दहा दिली, उद्या कोणी पाच मागेल. यंत्र झिजणार आणि फायदा कोणालाच नाही. आधी किमान वेळ ठरवू. सभा बोलावतो.”

आमच्याकडे कोणाचं घर पेटलं तरी आधी सभा बोलावतील आणि पाणी कोणत्या नळाचं घ्यायचं यावर मत मागवतील. तर अशी ती सभा होती. मार्गशीर्षातली थंडी, सकाळी सातची वेळ, चहा आणि खारी, आणि समोर सर. आम्ही दोघं मुद्दाम शेवटच्या रांगेत बसलो होतो, कारण यंत्र तिथंच मागे होतं. म्हटलं, वेळ मिळेल तेव्हा मिळेल, निदान ओळख तरी होईल.

“पंचेचाळीस कशाला?” तिसऱ्या मजल्यावरच्या बच्छावताई उठल्या. त्यांचा मुलगा कल्पेश पुण्याला जिममध्ये ट्रेनर, त्यामुळे आरोग्याच्या बाबतीत घरचाच वकील. “आमचा कल्पेश म्हणतो, वीस मिनिटं पुष्कळ झाली. पण जीव काढून. तोंडाला फेस आला पाहिजे.”

“फेस?” सर म्हणाले. “ताई, आपण गाढव आहोत का?”

“तुम्ही आहात असं मी कुठं म्हटलं?”

झालं. पेटलं. अर्धी सभा पंचेचाळीसच्या बाजूनं, अर्धी विसाच्या. ज्यांना स्वतःच्या पायातली चप्पल वाकून उचलता येत नव्हती तेसुद्धा तावातावानं बोलत होते. मी पुढं बघत होते. तेवढ्यात शेजारची खुर्ची रिकामी असल्यासारखं वाटलं. वळून पाहिलं तर खरंच रिकामी.

हे मागे यंत्रापाशी उकिडवे बसले होते. खाली वाकून पट्टा बघत होते, वायर चाचपत होते. वर्कशॉपमध्ये नवी गाडी आली की बघायचे, अगदी तसे. गणपतीपासून मी यांना एखाद्या वस्तूकडे असं बघताना पाहिलं नव्हतं. मग त्यांनी हार काढून खिळ्याला अडकवला, पिन भोकात घातली आणि एक बटण दाबलं. यंत्रानं घुर्रर्र केलं आणि पट्टा सरकायला लागला, मुंगीच्या पावलानं.

“शेवाळे, तो पंखा कमी करा,” सर पुढून ओरडले. “आवाज फार येतोय.”

शेवाळेंनी पंखा बंद केला. एवढ्या थंडीत तो चालू का होता, हे देवाला माहीत.

आणि हे पट्ट्यावर चढले. प्लास्टिकमधल्या दोन्ही दांड्या घट्ट धरल्या. एक पाऊल, दुसरं पाऊल. चेहरा असा, की खाली दरी आहे. मी उठून जवळ गेले. मला वाटलं, आत्ता कोणीतरी वळेल, ओरडेल, हे दचकतील आणि पडतील. पण एकही मान वळली नाही, आणि सरांची नजर बच्छावताईंवरून हलेना. प्रत्येकाला आपली बोलायची पाळी चुकवायची नव्हती. एका माणसाच्या चालण्याच्या प्रश्नावर पंचवीस माणसं घसा कोरडा करत होती आणि तो माणूस त्यांच्या पाठीमागे चालत होता.

“बोला माझ्याशी,” मी हळूच म्हटलं. “बोलता आलं पाहिजे म्हणाल्यात मॅडम.”

“काय बोलू?”

“काहीही.”

“पट्टा जरा डावीकडे ओढतोय,” हे म्हणाले. “एक पाना मिळाला तर नीट करीन.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दिवसांत या माणसानं स्वतःच्या नाडीखेरीज दुसऱ्या कशाबद्दल पहिल्यांदाच तक्रार केली होती.

सरांचं उत्तराचं भाषण संपेपर्यंत दहा मिनिटं केव्हाच झाली. हे उतरले, खुर्चीत येऊन बसले, कपाळावर घाम होता. नाडी बघितली नाही. कानाशी येऊन विचारलं, “उद्या आहे का गं सभा?”

आणि इथंच घोडं अडलं. पुढं काय होतंय बघते तर समेट होत आलेला. कोणीतरी शहाण्यानं सुचवलं, सरांची पंचेचाळीस, ताईंची वीस, मधली तीस धरा आणि विषय मिटवा. सर नाराजीनं का होईना, मान डोलावू लागले होते. ठराव झाला की सभागृहाला कुलूप, आणि तीस मिनिटांखाली यंत्राला हात लावायचा नाही. यांना तीस मिनिटं कुठली झेपणार?

मी पंचवीस वर्षं बालवाडी चालवली आहे. भांडण मिटवावं कसं हे मला येतंच, पण ते संपू द्यायचं नसेल तर काय करावं हेही चांगलं येतं. मी उभी राहिले.

“सर, एक बारीकशी शंका. ही तीस मिनिटं म्हणता, त्यात सुरुवातीचं हातपाय मोकळे करणं धरायचं, की ते वेगळं?”

मग सर म्हणाले, “अर्थातच वेगळं,” आणि त्याच क्षणी बच्छावताई म्हणाल्या, “अर्थातच धरून.”

“पाहिलंत?” सर म्हणाले. “वहिनींनी मूलभूत मुद्दा काढला. अशा घाईत निर्णय नको. याचा सखोल अभ्यास व्हायला हवा.”

मग आमचे हे उठले. चाळीस वर्षांच्या संसारात यांनी चार माणसांत तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. घसा खाकरून म्हणाले, “एक उपसमिती नेमावी. रोज सकाळी सात वाजता बसावं. इथंच, सभागृहात. अध्यक्षस्थानी सर.”

सरांचा चेहरा असा उजळला, की मला वाईटच वाटलं. ठराव एकमतानं पास.

दुसऱ्या दिवसापासून उपसमिती बसायला लागली. सर, बच्छावताई, शेवाळे आणि, मूलभूत मुद्दा काढल्याबद्दल, मी. हे निमंत्रित म्हणून मागे. रोज सकाळी शेवाळे कुलूप काढायचे, सर आणि ताई समोरासमोर बसायचे, आणि मी रोज एक शंका टोपलीतून काढावी तशी काढून त्यांच्यापुढं ठेवायचे. मध्येच फोन आला तर व्यायाम सलग धरायचा का? शिंक आली तर? सकाळी पंधरा आणि संध्याकाळी पंधरा केलं तर बेरीज करता येते का? या शेवटच्या शंकेवर तर दोघं चार दिवस भांडत होते. सर म्हणायचे, व्यायाम म्हणजे काय आवर्त ठेव आहे, थोडं थोडं टाकून वाढवायला? ताई म्हणायच्या, कल्पेशला विचारते. कल्पेश बिचारा पुण्यात फोन उचलेनासा झाला.

आणि मागे पट्टा घुर्रर्र करत होता; भांडणाच्या नादात त्या दोघांना तो ना ऐकू यायचा, ना दिसायचा. यांचं चालणं मी घड्याळात बघत नव्हते, भाषणावर मोजत होते. आधी सरांच्या प्रास्ताविकाएवढं. मग प्रास्ताविक आणि ताईंचा पहिला आक्षेप. पौष लागला तेव्हा दोघांची पहिली खडाजंगी संपेपर्यंत हे आरामात चालायचे, वर माझ्याशी गप्पा. दांडी एका हातानं धरायला लागले. मग दोन बोटांनी. वर्कशॉपमधल्या जुन्या गमती सांगायला लागले. पाना मिळवून पट्टा सरळ केला. घरी न्हाणीघराची कडी आतून लागायला लागली, आणि तो आवाज ऐकून मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले.

एकदा शेवाळेंनी मागे वळून पाहिलं. ते यांच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मग उठून मागे आले, यांच्या हाताखालचं प्लास्टिक बोटानं चाचपलं आणि म्हणाले, “हे तेवढं काढू नका. बाकी माझं काही म्हणणं नाही.” आणि परत जाऊन बसले. “हं सर, शिंकेवर आपण कुठं होतो?”

सरांचं आणखी एक माझ्या लक्षात यायचं, पण तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. लांब भाषण झालं की सर मध्येच थांबायचे, पाणी प्यायचे, चष्मा पुसायचे. चष्मा पुसायला इतका वेळ का लागतो, असं मी मनात म्हणायचे. सभा संपली की सगळे गेल्यावर उठायचे. मला वाटायचं, खुर्ची सोडवत नाही.

संक्रांत झाली. तिळगूळ वाटून झाला आणि तपासणीचा दिवस आला. दवाखान्यात यांच्या छातीला वायरी लावल्या, पट्ट्यावर चढवलं. मी बाहेर काचेपाशी उभी होते. पट्टा सरकायला लागला तेव्हा हे जरा अवघडले. मग माझ्याकडे बघून बोलायला लागले. काचेतून ऐकू काही येत नव्हतं. नंतर विचारलं तर म्हणाले, “मॅडमना सांगत होतो, तुमचा पट्टा सरळ आहे, आमचा ओढायचा.”

मॅडमनी कागद बघितले. “छान आहे, काका. ऑपरेशनचं नाव काढायचं कारण नाही सध्या. चालता कुठे?”

“सभेत,” हे म्हणाले. मॅडमना वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

आम्ही पेढे घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उपसमितीची शेवटची बैठक होती. अहवाल तयार झाला होता. बच्छावताईंनी शस्त्रं खाली ठेवली होती, कारण कल्पेशनं ती जिम सोडून मोबाइलचं दुकान टाकलं होतं. किमान वेळ सलग पंचेचाळीस मिनिटं, हातपाय मोकळे करणं वगळून. शिंक क्षम्य. यांनी उठून सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला.

“कशाबद्दल?” सरांनी विचारलं.

“डॉक्टरांनी पास केलं. बायपास टळली.”

“अरे वा. अभिनंदन.” सर मनापासून म्हणाले. मग कपाळाला आठी पडली. “पण तुम्ही तर गेटबाहेरसुद्धा जात नाही. व्यायाम कुठं केलात?”

“इथंच, सर. मागे. तुम्ही बोलत होता तेव्हा.” यांना खोटं बोलता येत नाही, हा यांचा जुना रोग.

बच्छावताईंनी मागे वळून यंत्राकडे पाहिलं. सरांनीही पाहिलं. खिळ्याला अडकवलेला हार, पट्ट्यावरचे चपलांचे ठसे. शेवाळे टेबलाकडे बघत होते. मला वाटलं, आता फुटणार सगळं.

“रोज?” सर म्हणाले.

“रोज.”

“किती वेळ?”

“आधी दहा मिनिटं. मग थोडं थोडं वाढवलं.”

“मध्ये थांबून?”

“दमलो की थांबायचो. मग परत.”

सरांनी पेढा तोंडात टाकला, सावकाश खाल्ला, अहवाल पुढं ओढला. “तुम्ही बरे झालात, आनंद आहे,” ते म्हणाले. “पण ते ग्राह्य धरता येणार नाही.”

मी आयुष्यात पुष्कळ माणसं पाहिली, पण जिवंत माणसाला समोर बसवून तो नियमात बसत नाही असं शांतपणे सांगणारे सरच. मला इतका संताप आला, की जिभेवर आलेलं परत गिळावं लागलं. ठराव पास झाला. सूचक बच्छावताई. आणि अनुमोदन कोणाचं, तर आमच्या ह्यांचं. “द्या म्हणतायत तर देतो,” म्हणाले. “माझं काम झालं.” शेवाळेंनी कुलूप लावलं. त्या यंत्रावर पुढं कोणी कधी चाललं नाही, कारण पंचेचाळीस मिनिटं कोणालाच जमत नव्हती आणि त्याहून कमी चालायची परवानगी नव्हती.

दुपारभर मी भांडी आपटत होते. कुलूप लागलं होतं आणि हे खुर्चीत बसले होते. म्हटलं, आता गेटबाहेर पडायलाच हवं. हे म्हणाले, “उद्या बघू.” तोच सूर. पाय सुधारले होते, कोपरा जागचा हलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दार उघडलं तर वडनेरे सर. निळा ट्रॅकसूट, गळ्यात नॅपकिन. मी मनात म्हटलं, आता वापराचं बिल घेऊन आले. पण सर आत यायच्या आधी जिन्याकडे बघत होते, कोणी येतं का म्हणून.

“खैरनार आहेत का?”

हे बाहेर आले. सर उंबऱ्यापाशीच उभे. मग जे बोलले ते इतक्या हळू, की मला पुढं झुकावं लागलं.

“खैरनार, मला पंचेचाळीस जमत नाहीत.”

“बरं,” हे म्हणाले.

“कधीच जमली नाहीत. पाचसुद्धा नाहीत. दोन वर्षं झाली. गेटपासून कोपऱ्यापर्यंत गेलो की धाप लागते. म्हणून स्कूटर. सांगणार कोणाला? सगळे मलाच विचारायला येतात.” त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. “काल तुम्ही म्हणालात, दमलो की थांबायचो. ते रात्रभर डोक्यात राहिलं. थांबलं तर चालतं का हो?”

मी सरांवर बारा पिढ्या पुरेल एवढा राग साठवला होता. तो कुठं ठेवू, कळेना. दोन वर्षं या माणसानं पंचेचाळीस मिनिटांची भिंत स्वतःच बांधली होती आणि तिच्याआड लपून बसला होता, आणि आम्ही त्याला विद्वान समजून हसत होतो.

“आधी डॉक्टरांना दाखवायचं, सर,” हे म्हणाले. “आमच्या मॅडम चांगल्या आहेत. आज दुपारीच जाऊ, मी येतो बरोबर.” मग वाकून चपला पायात सरकवल्या. “आणि आत्ता गेटपर्यंत जाऊन येऊ. सावकाश. गप्पा मारत.”

“मला तुमच्या दंडाला धरावं लागेल.”

“धरा की.”

मी बाल्कनीत धावले. खाली दोघं गेटपाशी पोचले, थांबले. सर कशाबद्दल तरी बोलत होते, हे ऐकत होते. बहुधा विज्ञान काय म्हणतं ते. मग सरांनी कोपऱ्याकडे हात केला. हे तिकडे बघत राहिले. मी कठडा घट्ट धरला. आणि हे निघाले. गेटबाहेर, रस्त्यावर, दंडाला वडनेरे सर लटकलेले. पायांत बळ यंत्रानं दिलं होतं, पण रस्त्यावर यांना नेलं ते यांच्याहून जास्त घाबरलेल्या माणसानं. दुसऱ्याला धरून चालवायचं म्हटल्यावर स्वतः घाबरायला यांना सवडच झाली नाही.

टपरीपाशी सर दगडावर बसले. हे उभे राहिले, त्याच जागी, जिथं खाली बसले होते तिथं. दुधाची पिशवी घेतली. सरांची धाप ओसरली तसे दोघं परत आले. मी खाली जाऊन गेटपाशी उभी होते.

सर घामाघूम झाले होते आणि चेहऱ्यावर पोरासारखं हसू होतं. माझ्याकडे बघून एकदम गंभीर झाले.

“वहिनी,” हळूच म्हणाले, “कोणी विचारलं तर पंचेचाळीस मिनिटं झाली म्हणून सांगा.”

“सलग?” मी विचारलं.

“सलग.”

त्यानंतर दोघं रोज जायचे. सरांना औषधं सुरू झाली, धाप कमी झाली, पुढं पुढं तर कोपऱ्याच्याही पलीकडे जायला लागले. भाषणं सरांनी सोडली नाहीत, पण आता ती चालता चालता व्हायची, आणि ऐकायला यांचाच कान. मला कोणीही विचारलं तर मी तेच सांगायचे.

गेल्या आषाढात सर गेले. वयानं गेले, झोपेत. शोकसभा सभागृहातच झाली. शेवाळेंनी कुलूप काढलं. यंत्र मागे होतं, दांड्यांवर अजून प्लास्टिक. सरांचा मुलगा बंगलोरहून आला होता, पुढच्या रांगेत मान खाली घालून बसला होता. बच्छावताई बोलायला उभ्या राहिल्या.

“सर शिस्तीचे. अगदी शेवटपर्यंत रोज पंचेचाळीस मिनिटं चालायचे. हो ना हो, वहिनी?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुलानंही मान वर केली. शेजारी हे डोळे पुसत होते आणि सर धरायचे तो दंड दुसऱ्या हातानं धरून बसले होते.

“हो,” मी उभी राहून म्हटलं. “सलग.”